सदर महिला कोळंबी भक्षण करते

मला गंभीर जागी हसू येतं. ही माझी जन्मखोड आहे. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी अंतरपाटाआड खिदळत होते आणि गुरुजींनी दोनदा थांबून माझ्याकडे पाहिलं होतं. बी.एड.च्या पाठाला परीक्षक मागच्या बाकावर येऊन बसले की माझ्या पोटात गुदगुल्या सुरू व्हायच्या. तेव्हा सरकारी कचेरीत माझं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. लग्न होऊन मी नेरुळला आले होते. पदरात बी.एस्सी. आणि बी.एड., दोन्हींना पहिला वर्ग, आणि काम काय, तर दोन खोल्यांत तीन माणसांचा स्वयंपाक. नवरा तुर्भ्याला एका केमिकल कंपनीत पाळीवर जायचा. सासूबाई साताऱ्याकडच्या, नऊवारीतल्या, बोलायला मोजक्या. आमच्या गॅलरीतून समोरची शाळा दिसायची. कपडे वाळत घालताना शाळेची घंटा झाली की माझा हात चिमट्यावर थांबायचा आणि पायजमा वाऱ्यावर उडून खालच्यांच्या गॅलरीत जायचा. असे तीन पायजमे गेले, तेव्हा नवऱ्यानेच म्हटलं, "तू जाऊन विचार तरी त्या शाळेत."

मी विचारलं. मुख्याध्यापिका बाई चांगल्या होत्या. त्यांच्याकडे जूनपासून गणिताची जागा रिकामी होणार होती. माझी प्रमाणपत्रं पाहून त्या खूश झाल्या आणि लगेच उदासही झाल्या. "मी तुम्हाला आज घेईन हो," त्या म्हणाल्या, "पण मुलाखतीला बोलवायची नावं ठाण्याच्या रोजगार केंद्राकडून येतात. तिथल्या रजिस्टरात प्रशिक्षित शिक्षक म्हणून तुमची नोंद हवी. नोंद आहे ना?" माझी नोंद नव्हती. "मग करून टाका. पंधरा दिवसांनी आम्ही यादी मागवणार. यादी एकदा आली की ब्रह्मदेव आला तरी मला नवं नाव घालता येत नाही."

दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला. कचेरीतल्या कारकुनांनी चष्मा कपाळावर चढवून माझे कागद एकेक करून उलटे घातले. पदवी ठीक, बी.एड. ठीक, जन्मदाखला ठीक. मग त्यांनी हात पुढे केला. "रहिवासी दाखला?"

इथे गाडं अडलं. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, वीजबिल नवऱ्याच्या नावावर. रेशनकार्ड अजून साताऱ्याच्या पत्त्यावर, कारण ते बदलायला कोणाला वेळ झाला नव्हता. माझं नाव माहेरच्या कार्डावरून कमी केलेलं आणि सासरच्या कार्डावर अजून चढलेलं नाही. म्हणजे सरकारच्या दृष्टीने मी त्या काळात कुठेच जेवत नव्हते. मी आशेने लग्नपत्रिका पुढे केली. कारकुनांनी ती वाचली, चांगली छापली आहे म्हणाले आणि परत दिली. "तुमच्या तलाठ्याचा दाखला आणा. तुम्ही, स्वतः, तिथे राहता असा."

तलाठी म्हणजे शेताचे कागद सांभाळणारा, एवढंच मला ठाऊक होतं. आमच्या सेक्टरात चार मजली इमारती होत्या, बँक होती, आइस्क्रीमचं दुकान होतं. इथे शेत कुठलं आणि तलाठी कुठला? पण होता. जुन्या गावात एका कौलारू खोलीत तो दर बुधवारी बसायचा. बाकीचे दिवस त्याच्याकडे दुसरी गावं होती. पन्नाशीचा, पोट सुटलेला, पान खाऊन ओठ लाल केलेला माणूस. त्याने माझा पत्ता ऐकला, "सेक्टर म्हणजे?" असं विचारलं आणि एक कापडी नकाशा टेबलावर पसरला. बराच वेळ बोट फिरवलं. मग ते एका जागी टेकवलं.

"इथे राहता तुम्ही?"

"हो."

"हे मिठागर आहे."

मी वाकून पाहिलं. आमची इमारत, तिचे चोवीस फ्लॅट, गच्चीवरच्या टाक्या, यांतलं काहीच त्या नकाशात नव्हतं. एक आडवातिडवा चौकोन आणि त्यावर बारीक अक्षरात मीठ. मला आतून हसू फुटायला लागलं. आमच्या न्हाणीघराच्या भिंतीला कितीही रंग दिला तरी पांढरा खार फुटायचा, त्याचा उलगडा त्या दिवशी झाला. मी तोंडावर पदर घेतला. तलाठ्याला वाटलं, बाई रडते आहे.

"रडू नका हो," तो घाबरून म्हणाला. "जमीन गेली महामंडळाकडे, आमचा नकाशा जुनाच राहिला. करू काहीतरी. असं करा, पुढल्या बुधवारी घरातलं एक वडीलधारं माणूस आणा आणि गावातलं, मूळचं, एक माणूस आणा. तुम्हाला ओळखणारं. मी दोघांचा जबाब घेतो, दाखला लिहितो."

"शेजारचे चालतील?"

"फ्लॅटवाल्याने फ्लॅटवाल्याची ओळख पटवायची म्हणजे आंधळ्याने आंधळ्याला रस्ता दाखवायचा. मूळचा गावकरी पाहिजे."

घरी येऊन मी डोक्यात यादी करायला लागले. दूधवाला जौनपूरचा. वाणी कच्छचा. पेपरवाला पालघाटचा. इस्त्रीवाला, गवंडी, लायब्ररीवाला, डॉक्टर, सगळे कुठून ना कुठून आलेले. शेजारच्या काकू गिरगावातून, खालचे जोशी-कुलकर्णी-शिंदे-खान सगळे गेल्या पाच-सात वर्षांतले. या शहरात मूळचं असं एक मीठच होतं. आणि एक बाई. तिचं नाव मी डोक्यातसुद्धा हळू घेत होते.

आता ते सांगावंच लागेल. माझं माहेर रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. आमच्याकडे पाहुणा आला की पहिला प्रश्न, बाजारात आज काय आलंय. आणि सासर असं, की अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही, चातुर्मासात कांदा-लसूण बंद, वाढदिवसाचा केकसुद्धा तीनदा विचारून खायचा. लग्न ठरताना मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, "सोडीन की मासे, त्यात काय!" चोविसाव्या वर्षी माणूस काहीही सोडायला तयार असतो. लग्नानंतर तीन महिन्यांनी मला स्वप्नात बांगडा दिसला. माझ्याकडे बघत होता.

शेजारच्या सारसोळे कोळीवाड्यातली एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन आमच्या इमारतीत यायची. सासूबाई तिला जिन्यावरूनच परत पाठवायच्या. तोंडाने गोड, "आमच्याकडे नको हो बाई," एवढंच. एकदा डिसेंबरात मी एकटीच घरी असताना ती आली, पण पाटी खाली ठेवली नाही. कमरेला खोचलेला कागद काढून म्हणाली, "बाय, जरा वाच ना. पोरीचा निकाल हाय." तिची मुलगी दहावीला गणितात नापास झाली होती, मार्चमध्ये आणि परत ऑक्टोबरात. मी वाचून दाखवलं. तिचा चेहरा पडला. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी शिकवते तिला."

तेव्हापासून दर बुधवारी दुपारी मी सारसोळ्याला. बुधवार एवढ्याचसाठी, की त्या दिवशी सासूबाईंचं भजनी मंडळ असायचं. त्या जेवून निघायच्या आणि सहाच्या सुमारास परत यायच्या. मी त्यांना सांगितलं होतं, मी वाशीला वाचनालयात जाते. सारसोळ्याला मावशीच्या, म्हणजे त्या कोळणीच्या, ओट्यावर आम्ही बैजिक समीकरणं सोडवायचो आणि शिकवून झालं की मावशी ताट पुढे सरकवायची. भात, कोळंबीचं कालवण, वर तळलेला बोंबील. पहिल्या दिवशी मी नको म्हटलं. खरंच म्हटलं, एकदा. त्या मार्चच्या परीक्षेत पोरगी गणितात पंचावन्न मार्कांनी पास झाली आणि मावशीने आळीभर पेढे वाटले. ती अकरावीचं गणित घेऊन बसतच राहिली आणि आळीतल्या आणखी सहा मुली आल्या. कोणाचा अपूर्णांक कच्चा, कोणाची भूमिती. आता ओटा पुरेना, तेव्हा जाळी सुकवायच्या जागेवर चटई टाकली. त्या चटईवर बसलं की मी जगातली सगळ्यात सुखी बाई असायचे. पुढ्यात सात मुली, शेजारी पाटावर खडू आणि स्वयंपाकघरातून येणारा तो वास. आनंदाने अक्षरशः डोकं हलकं व्हायचं.

तर सारसोळ्याची मावशी, हीच माझी एकुलती एक मूळची गावकरी. आणि घरातलं वडीलधारं माणूस, म्हणजे सासूबाई. दोघींनी एकाच टेबलासमोर उभं राहून, मी कोण आणि कुठे असते, हे सरकारला सांगायचं.

मंगळवारी मी धावत सारसोळ्याला गेले आणि मावशीला पढवायला लागले. "तुम्ही फक्त म्हणायचं, ही बाई इथेच राहते. कशी ओळखता विचारलं, तर म्हणा, आमच्याकडून भाजी घेते."

"मी भाजी कवा इकली?"

"नाही विकली, पण म्हणा."

"गावात सगले हसतील मना. कोलनीन भाजी इकतेय म्हनून." ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होती. "बाय, खोटा नाय बोलनार मी. पन मावऱ्याचा नाव काढनार नाय. झाला?"

माशांचं नाव निघणार नाही, एवढ्यावर मी देवाला नारळ बोलून घरी आले.

बुधवारी सासूबाईंनी भजन बुडवलं आणि माझ्याबरोबर निघाल्या. मावशी आधीच येऊन खोलीच्या पायरीवर बसली होती, केसांत अबोलीचा गजरा, हिरवं लुगडं, गळ्यात सगळं सोनं. साक्षीला जायचं म्हणून नटली होती. सासूबाईंनी तिला ओळखलं आणि मान हलवली. मावशीनेही हलवली. मी दोघींच्या मधे उभी राहिले, चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी.

तलाठ्याने कोरा कागद घेतला. मावशीला विचारलं, "या बाईंना ओळखता?"

"वलखतंय."

"कशा?"

"माज्या पोरीला गनित शिकवते ही. आनखी सा पोरींना पन. मास्तरीन हाय आमची."

सासूबाईंची मान माझ्याकडे वळली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले.

तलाठी लिहीत होता. "व्यवसाय, शिक्षिका. बरं. फी किती घेतात?"

"फी कसली? जेवते आमचेकडं."

"काय जेवते?"

हा प्रश्न सरकारला कशाला हवा होता, मला आजवर कळलेलं नाही. मला वाटतं, बारा वाजले होते आणि तलाठ्याला भूक लागली होती.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग आढ्याकडे पाहिलं. "भात," ती म्हणाली. "नि कालवन."

"कशाचं कालवण?"

ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर दिलेला शब्द आणि तोंडात आलेलं खरं यांची मारामारी दिसत होती. "भाताचा," ती म्हणाली.

तलाठ्याने पेन खाली ठेवलं. "सारसोळ्यात भाताचं कालवण कधीपासून करायला लागलात मावशी? मी वीस वर्षं या भागात आहे. तुमच्या हातचं मावरं नाही का आता पहिल्यासारखं?"

संपलं. तिच्या हातच्या मावऱ्यावर शंका! "माज्या हातचा?" मावशी उभीच राहिली. "माज्या हातचा मावरा खायाला बेलापूरशी लोका येतान! इचार तिला! कोलंबीचा कालवन, सुका बोंबील, ताजा बोंबील, निवटी, आनि मोठ्या उधानाला चिंबोरी, ती तर ही नांगी पन सोडत नाय, कडाकडा फोडते!" आणि तिने दोन्ही हातांनी मी नांगी कशी फोडते ते करून दाखवलं.

मला हसू आवरेना. भीती वाटत होती आणि खांदे हलत होते. सासूबाई शांत उभ्या. हातातली पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, तेवढीच काय ती हालचाल.

तलाठी आता रंगात येऊन लिहीत होता. लिहून झाल्यावर त्याने नियमाप्रमाणे जबाब मोठ्याने वाचला. "सदर महिलेस मी बऱ्याच काळापासून समक्ष ओळखते. सदर महिला येथील कायम रहिवासी असून व्यवसायाने शिक्षिका आहे. ती आमचे घरी येऊन मुलींस गणित विषय शिकवते व त्याचे मोबदल्यात कोळंबी, बोंबील, निवट्या व हंगामाप्रमाणे चिंबोरी भक्षण करते. वरील मजकूर वाचून दाखवला, तो बरोबर व खरा आहे." मावशीने अंगठा केला. "आता घरचे वडीलधारे म्हणून तुम्ही सही करा," तलाठी सासूबाईंना म्हणाला.

सासूबाईंनी कागद हातात घेतला. तो पूर्ण वाचला, वरून खाली. मग पेन घेऊन, चौथीपर्यंतच्या शाळेत शिकलेल्या गोल अक्षरात, खाली सही केली.

सासूबाई पुढे, मी मागे, अशा आम्ही घरी आलो. पितळ उघडं पडलं होतं, आता फक्त वाजायचं बाकी होतं. संध्याकाळी त्यांनी पिठलं केलं, भाकऱ्या थापल्या, मला नेहमीसारखं वाढलं. "अजून घे," म्हणाल्या. त्या "अजून घे"मध्ये काय काय अर्थ आहेत ते शोधण्यात माझी भाकरी गार झाली. नवऱ्याला आतल्या खोलीत कुजबुजत सगळं सांगितलं. "भक्षण?" तो म्हणाला आणि उशीत तोंड खुपसून इतका हसला की त्याला ठसका लागला. हा माझा आधार! बाहेर सासूबाई भांडी आवरत होत्या. ताटं रचता रचता त्या एकदाच बोलल्या, "भक्षण हा शब्द बरा नव्हे. खाते, असं लिहायला हवं होतं त्याने."

मी हो म्हटलं.

शुक्रवारी मला ठाण्याला जायचं होतं. सोमवारी शाळा यादी मागवणार होती, शनिवारी कचेरी बंद, म्हणजे शुक्रवार गेला की नोकरी गेली. मी चप्पल घालत होते तेव्हा सासूबाई बाहेर आल्या, खांद्यावर शाल, हातात पाण्याची बाटली. "मी येते," म्हणाल्या. बसमध्ये त्या खिडकीजवळ बसल्या. ऐरोलीपासून पुढे त्यांनी डोळे मिटून घेतले. मला विचारायचं होतं, रागावलात का? पण विचारलं आणि हो म्हणाल्या तर उरलेला रस्ता कसा काढायचा, म्हणून मी तिकिटांच्या घड्या घालत बसले.

कचेरीत तेच कारकून, तोच कपाळावरचा चष्मा. रहिवासी दाखला पाहून ते खूश झाले. दाखल्याला जोडलेला जबाब वाचायला लागले आणि मधेच थांबले. चष्मा नाकावर आला. परत पहिल्यापासून वाचला. मग शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना बोलावलं. ते आले, त्यांनीही वाचला, आणि त्यांनी आतल्या बाईंना बोलावलं. पाच मिनिटांत माझ्या कोळंबीभोवती पाच सरकारी माणसं जमली होती. मी टेबलाची कड घट्ट धरून गालाची आतली बाजू चावत होते.

"तुमची नोंद होणार नाही," कारकून म्हणाले.

माझं हसू जागच्या जागी विरलं. "का?"

"ही नोंद बेरोजगारांसाठी असते. इथे लिहिलंय, व्यवसाय शिक्षिका. म्हणजे तुम्ही कामावर आहात."

"पगार नाही मिळत मला."

"मोबदल्यात, असं लिहिलंय. मोबदला रोख असो की वस्तूत, मोबदलाच तो." ते काही वाईट माणूस नव्हते. नियमाचं पुस्तक उघडून त्यांनी मला ओळ दाखवली. "तलाठ्याकडून दुरुस्त करून आणा."

"तो बुधवारी बसतो."

"मग बुधवारी आणा."

"यादी सोमवारी जाणार आहे हो!" माझा आवाज फुटला. मला कळत होतं की आता रडू येईल, आणि ते यायला लागलंच. समोरची ती शाळा, घंटा, फळा, खडूची धूळ, सगळं चार बोंबलांपायी चाललं होतं. ज्यासाठी खोटं बोलले, ज्यासाठी घरात चोरासारखी वागले, त्याच ताटाने माझ्या तोंडाला पानं पुसली होती. मी काकुळतीला येऊन म्हटलं, "साहेब, ते आवडीने देतात. ती नोकरी नाही."

"असं सगळेच सांगतात. खाजगी शाळेत पगार घेतात आणि इथे येऊन नाही म्हणतात. उद्या मला कोणी विचारलं तर मी काय पुरावा दाखवू?"

इतका वेळ सासूबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्या उठल्या. डोक्यावरचा पदर नीट केला, आणि टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मी हिची सासू," त्या म्हणाल्या. "त्या कागदावर सही माझी आहे."

"बरं, आजी."

"माझ्या घरात अंडं येत नाही. आषाढात कांदा येत नाही. माझी सून मासे खाते, हे मी या वयात गावकामगार तलाठ्यासमोर लिहून दिलंय, आणि आज तुमच्या पाच माणसांसमोर तोंडाने सांगते आहे." त्या एक क्षण थांबल्या. शब्द सापडत नव्हते म्हणून नाही, दम लागला होता म्हणून. "आम्हाला खोटंच लिहायचं असतं, तर आम्ही उपमा लिहिला असता."

मग आतल्या बाई खुदकन हसल्या, शेजारचे गृहस्थ हसले, शेवटी कारकुनांनी चष्मा काढला आणि ते डोळे पुसत हसायला लागले. मी रडत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम, आणि नाक गळत होतं, आणि रुमाल सापडत नव्हता. सासूबाई मात्र अजिबात हसल्या नाहीत. त्या उत्तराची वाट पाहत उभ्या होत्या.

"बसा, आजी," कारकून म्हणाले आणि त्यांनी रजिस्टर उघडलं. मोठं, कापडी बांधणीचं, कोपरे झिजलेलं. त्यात त्यांनी माझं नाव लिहिलं, पदवी लिहिली, बी.एड.चा वर्ग लिहिला. प्रशिक्षित शिक्षक, माध्यमिक, गणित. मी वाकून एकेक अक्षर पाहत होते. पृथ्वीतलावर इतकं सुंदर हस्ताक्षर मी तोवर पाहिलं नव्हतं.

"आता हे विनावेतन शिकवणं अनुभवात धरतो," ते म्हणाले. "किती महिने शिकवताय?"

मी मागे पाहिलं नाही. "सात-आठ महिने असतील," मी म्हटलं. तेवढं तरी खोटं कमी दिसावं म्हणून.

"दीड वर्ष," सासूबाई म्हणाल्या.

मी वळले.

"गेल्याच्या आदल्या डिसेंबरापासून," त्या कारकुनांना सांगत होत्या, माझ्याकडे न बघता, भाजीवाल्याला हिशेब समजावावा तशा शांतपणे. "दर बुधवारी तिकडून आली की ही डोक्यावरून न्हाते. वास जावा म्हणून. आमचं भजन साडेचारलाच सुटतं. हिचे केस वाळेपर्यंत मी खाली सोसायटीच्या बाकावर बसून असते."

कारकुनांनी अनुभवाच्या रकान्यात दीड वर्ष लिहिलं. नोंदणीच्या कार्डावर शिक्का मारला, शाई वाळायला दोनदा फुंकर घातली आणि कार्ड माझ्या हातात न देता सासूबाईंच्या हातात दिलं.